कोकणात फोटो काढायला कार्ड किती जीबीचं?

दृश्य : हर्णै बंदर, संध्याकाळ. मासळीचा लिलाव.

निवेदन :
हर्णैचा लिलाव रंगात आला की कुणाला मान वर करायला फुरसत नसते. होड्यांतून टोपल्या उतरतात, वाळूवर सुरमईचे, कोळंबीचे ढीग लागतात. बोली चढत जाते आणि बघता बघता ढीग उचललाही जातो. मागे सुवर्णदुर्ग, त्याच्यावर उतरतं ऊन. नेमक्या याच वेळी कॅमेऱ्याच्या पडद्यावर येतं : कार्ड फुल.

आता कार्ड बदलायचं म्हणजे झाकण उघडायचं. समोरून खारा वारा सुटलेला, पायाखाली वाळू, बोटं ओली.

दृश्य : एसडी कार्ड, अगदी जवळून.

हे कार्ड ३२ मिलिमीटर लांब, २४ रुंद. एक कोपरा कापलेला, म्हणजे उलटं बसू नये. डाव्या बाजूला एक बारीकशी खिट्टी. ती खाली सरकली की कार्ड लॉक होतं, मग कॅमेरा त्यावर काही लिहीत नाही. पाठीमागे सोनेरी पट्ट्या. कार्ड आणि कॅमेरा यांची सगळी देवाणघेवाण या पट्ट्यांमधून चालते. त्यांच्यावर वाळूचा एक कण किंवा खाऱ्या पाण्याचा एक थेंब बसला, तर तो कार्डाबरोबर थेट कॅमेऱ्याच्या आत जातो.

म्हणून किनाऱ्यावर फोटो काढणाऱ्याने दुकानात जाण्याआधी ठरवावं, हे कार्ड मी कुठे बदलणार आहे? पडवीत, गाडीत, देवळाच्या मंडपात? तिथून निघून पुन्हा तिथे येईपर्यंत जेवढं काढणार, तेवढं एका कार्डात मावलं पाहिजे. ही एक बैठक धरली की हिशोब सोपा होतो.

दृश्य : पडवीत टेबल, कागदावर आकडे.

२४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात चांगल्या प्रतीची जेपेग, म्हणजे आकसून साठवलेला फोटो, साधारण १० एमबीची होते. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची माहिती, २५ ते ३० एमबीची. ३० धरली तर ६४ जीबीच्या कार्डात २१०० च्या आसपास रॉ फोटो बसतात. रॉ आणि जेपेग दोन्ही ठेवत असाल, तर १६०० धरा. लिलावाच्या एका संध्याकाळीसाठी हे भरपूर आहे.

कॅमेरा किती फोटो शिल्लक दाखवतो, त्यावर मात्र फार विसंबू नका. तो आकडा अंदाजाचा असतो. मोकळ्या आभाळाची जेपेग लहान होते. माडांच्या झावळ्या, खाजणातली कांदळवनं, फुटलेल्या लाटेचा फेस अशा बारीक तपशिलांची जेपेग चांगलीच फुगते. श्रावणातल्या हिरव्या कोकणात कार्ड अंदाजापेक्षा लवकर भरतं, ते यामुळेच.

दृश्य : वेळासचा किनारा, सकाळ. दोरीपलीकडे कासवाची पिल्लं.

वेळासला वेगळी गोष्ट लागते. ऑलिव्ह रिडलेची पिल्लं टोपलीतून वाळूवर सोडली की समुद्राकडे निघतात. फ्लॅश वापरायचा नाही, दोरी ओलांडायची नाही. पिल्लू लाटेला भिडतं तो क्षण एकदाच येतो. इथे आपण बटण दाबून धरतो, सेकंदाला दहा-वीस फोटो निघतात, आणि ते कार्डावर उतरायला वेळ लागतो. मोठ्या कार्डाने हा वेळ कमी होत नाही, वेगवान कार्डाने होतो. कार्डावर ठळक छापलेला १७० किंवा २०० हा आकडा बहुधा वाचण्याचा वेग असतो. लिहिण्याचा वेग त्याहून कमी असतो. त्याची खात्री व्ही या अक्षरापुढच्या आकड्यात मिळते. व्ही ३० म्हणजे सलग लिहिताना सेकंदाला किमान ३० एमबी.

दृश्य : सिंधुदुर्गातली जत्रा, रात्र. दशावताराचा रंगमंच.

खरी कसोटी लागते ती दशावतारात. रात्री उशिरा गणपती येतो, मग संकासुर. आख्यान सुरू होतं आणि खेळ पहाटेपर्यंत चालतो. पेटी, मृदंग, झांज यांच्या साथीत संवाद नटांच्या तोंडून तिथल्या तिथे उभे राहतात. ते आज जसे झाले तसे उद्या होत नाहीत. असा खेळ, मंडळींची परवानगी घेऊन, अखंड चित्रित करावा असं मला मनापासून वाटतं.

हिशोब बघू. फोर-के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट बारकाव्याचं चित्रण, पुष्कळ कॅमेऱ्यांत सेकंदाला १०० मेगाबिट या दराने होतं. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे साडेबारा एमबी. तासाला ४५ जीबी. सहा तासांचा खेळ धरला तर २७० जीबी, म्हणजे २५६ चं कार्डसुद्धा अपुरं. तेच फुल एचडी ५० मेगाबिटने घेतलं तर सहा तासांचे १३५ जीबी होतात. २५६ च्या कार्डात ते आरामात बसतं, १२८ मात्र शेवटच्या युद्धाच्या वेळी दगा देतं. माझं मत स्पष्ट आहे : तिवईवरचा एक कॅमेरा रात्रभर फुल एचडीवर चालू ठेवा, वीज आणि बॅटरी यांची सोय करून. हातातल्या दुसऱ्या कॅमेऱ्यात ६४ चं कार्ड घाला आणि मोजके प्रसंग फोर-केमध्ये घ्या.

दृश्य : राजापूर तालुका, कशेळीचा सडा, तिरपं ऊन.

सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, कोरलेल्या कातळशिल्पांना घाई नसते. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे, तो जमिनीवरून एका चौकटीत मावत नाही. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आली. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात रेषा उठून दिसतात, तेवढ्या वेळात मोजकेच फोटो होतात. ३२ जीबी पुरतं. ड्रोन उडवण्याची रीतसर परवानगी असेल, तर त्याचं मायक्रो एसडी लहान ठेवा आणि प्रत्येक उड्डाणानंतर रिकामं करा. ड्रोन खाडीत गेला तर निदान आधीची चित्रं हातात राहतील.

घरात जुना कॅमेरा असेल तर आधी त्याची माहितीपुस्तिका काढा. एसडीएचसी हा प्रकार २००६ चा, त्याची मर्यादा ३२ जीबी. ६४ आणि त्यावरची कार्डं एसडीएक्ससी प्रकारातली. जुना कॅमेरा ती ओळखेलच असं नाही.

दृश्य : रात्र, लॅपटॉपला कार्ड रीडर जोडलेला.

मोठ्या कार्डाची एक बाजू दुकानात कुणी सांगत नाही. भरलेलं १२८ चं कार्ड सेकंदाला ९० एमबीने उतरवायला २४ मिनिटं लागतात. जुन्या यूएसबी २ रीडरवर तासाहून जास्त. पावसाळ्यात गावात वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, लॅपटॉपची बॅटरी तेवढी टिकली पाहिजे. म्हणून फोटोंसाठी मी एका २५६ ऐवजी ६४ ची चार घेईन. एक बिघडलं तरी तीन शाबूत राहतात. भरलेली कार्डं हवाबंद डबीत, आणि ती डबी कॅमेऱ्याच्या बॅगेत नाही, खिशात.

नवं कार्ड अर्ध्या किमतीत मिळत असेल तर सावध राहा. बाहेर २५६ छापलेलं आणि आत फार कमी जागा असलेली बनावट कार्डं बाजारात आहेत. खरी जागा संपल्यावरही कॅमेरा फोटो घेत राहतो आणि घरी त्या फाइल्स उघडत नाहीत. कार्ड आणल्या दिवशीच काठोकाठ भरा, सगळ्या फाइल्स परत उघडून पाहा, काही खटकलं तर पावती घेऊन दुकानात जा. मगच ते हर्णैला न्या.