नाचाच्या गायिकेचं संथ गाणं : ‘टेक अ बाऊ’ कसं बांधलं आहे

मंडळी, नाचाचं गाणं आणि सोल बॅलड, म्हणजे सोल ढंगाचं संथ, भावुक गाणं, यांतला फरक आधी घड्याळावर मोजू. नाचाचं गाणं मिनिटाला साधारण १२० ठोक्यांचं असतं. म्हणजे मात्रा अर्ध्या सेकंदाची आणि चार मात्रांचं आवर्तन दोन सेकंदांचं. मॅडोनाचं ‘टेक अ बाऊ’ ८० ठोक्यांच्या आसपास आहे. तिथे मात्रा पाऊण सेकंदाची, आवर्तन तीन सेकंदांचं. चार आवर्तनांची ओळ तिकडे आठ सेकंदांत संपते, इकडे तीच ओळ बारा सेकंद पुरवावी लागते. या वाढीव चार सेकंदांचं गायिकेने काय करायचं, एवढाच आजचा विषय आहे.

नाचाच्या गाण्यात ठेका गायिकेला उचलून धरतो. किक ड्रम प्रत्येक मात्रेवर पडतो, बास त्याच्या जोडीला, आणि शब्द तुटक असले तरी कान ठेक्यामागे जातो. आवाज थोडा पातळ असला तरी निभावतं. लय उतरवली की सगळं उघडं पडतं : स्वर कसा लागला, कसा सुटला, श्वास कुठे घेतला. त्यात सोल हा प्रकार कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या चर्चमधल्या गॉस्पेल गायनातून आलेला. तिथे दमसास, हरकती, फुटता फुटता सावरलेला आवाज या गोष्टी गायक लहानपणापासून ऐकत आलेला असतो. नाचाच्या गाण्यांवर वाढलेल्या गायिकेकडे हे भांडवल नसतं, आणि ते उसनं आणायला गेली की लगेच कळतं.

मॅडोना १९८३ च्या पहिल्या अल्बमपासून न्यूयॉर्कच्या क्लबांतल्या नाचाच्या संगीतावर उभी राहिली. संथ गाणी तिने आधीही गायली होती. १९८५ चं ‘क्रेझी फॉर यू’ आणि १९८६ चं ‘लिव्ह टु टेल’ ही दोन्ही अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. पण १९९४ च्या ‘बेडटाइम स्टोरीज’ या अल्बमसाठी ती थेट सोल आणि आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) वाल्यांच्या घरात शिरली. ‘टेक अ बाऊ’ तिने बेबीफेस, म्हणजे गायक-निर्माता केनेथ एडमंड्स, याच्यासोबत लिहिलं आणि निर्मितीही दोघांची. बॉइज टू मेन या गटाची ‘एंड ऑफ द रोड’ आणि ‘आय’ल मेक लव्ह टु यू’ ही त्या काळातली सर्वांत गाजलेली सोल बॅलड्स याच माणसाच्या हातची.

आता गाण्याची पट्टी पाहा. मूळ सूर ए फ्लॅट, आपल्या पेटीवरची काळी चार. अंतऱ्याचा भर मधल्या-खालच्या स्वरांवर. (इथे अंतरा म्हणजे इंग्रजी गाण्यातला व्हर्स, आणि मुखडा म्हणजे फिरून फिरून येणारा कोरस.) ही निवड फार विचाराची आहे. बोलण्याच्या उंचीच्या जवळ गायलं की शब्द सांगितल्यासारखे येतात, आणि आवाजात थोडी हवा मिसळता येते. कराओकेवर हे गाणं म्हणणाऱ्या बऱ्याच जणी आवाज चमकावा म्हणून पट्टी एक-दोन स्वर वर नेतात. मग मुखडा खणखणीत होतो खरा, पण अंतऱ्यातली ती जवळीक जाते. उलट पट्टी फार खाली नेली तर ओळीचा शेवट पुटपुटल्यासारखा होतो. आपली पट्टी ठरवताना मुखडा गाऊन बघू नका. अंतऱ्यातली सर्वांत खालची ओळ, अर्ध्या आवाजात, शेवटच्या शब्दापर्यंत स्वच्छ निघते का, ते तपासा.

सुरुवातीला तंतुवाद्यांची पाच स्वरांवर बांधलेली लकेर येते. भूप-दुर्गा ऐकलेल्या कानाला पंचस्वरी चालीचं हे मोकळेपण ओळखीचं वाटेल. ती ओसरली की ड्रम मशीनचा मऊ ठेका आणि पहिली ओळ, जिच्या तोंडीच शीर्षकाचे शब्द आहेत. मुखड्यात ते नाहीत. म्हणजे गाण्याचं नाव ऐकणाऱ्याच्या कानावर घालायला मिळतं ते इथेच. म्हणून या तीन शब्दांपाशी जरा थांबू.

‘टेक’ हा शब्द क वर बंद होतो. तो क जोरात म्हटला तर ओळ पहिल्याच घासाला अडखळते. जीभ टाळूला लागून सुटावी, इतकाच हवा. ‘अ’ निसटता. आणि ‘बाऊ’मध्ये दोन स्वर आहेत, आ आणि ऊ. ताणायचा तो आ. ऊ अगदी शेवटी, ओठ मिटता मिटता. नवशिक्या गायिका ऊ लवकर आणतात, मग आवाज तोंडातच कोंडतो. शिवाय ब हे ओठांवर फुटणारं व्यंजन, त्याचा वारा माइकवर आदळून धप्प आवाज येतो. तोंडापासून दहा ते पंधरा सेंटिमीटरवर माइक, मध्ये पॉप फिल्टर, म्हणजे वारा अडवणारी जाळी, आणि माइक तोंडासमोर सरळ न ठेवता किंचित तिरका, एवढ्याने तो बहुतेक जातो.

दुसरी गोष्ट वेळेची, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. नाचाची गायिका समेच्या आधी पोहोचायला शिकलेली असते, कारण तिथे मागे पडलं की उत्साह सांडतो. सोल बॅलडमध्ये शब्द ठोक्याच्या जरासा मागे ठेवायचा. किती मागे? वीस-तीस मिलिसेकंद, फार तर चाळीस. या लयीत मात्रेचा चौथा हिस्सा सुमारे १८७ मिलिसेकंदांचा, म्हणजे आपण त्याच्याही एका कोपऱ्याबद्दल बोलतोय. यापेक्षा जास्त मागे गेलात तर ते सरळ बेलय वाटतं. सरावासाठी क्लिक (मेट्रोनोमचा ठोका) चारही मात्रांवर न लावता फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर लावा. आधी शब्द नुसते बोला, मग एकाच स्वरावर म्हणा, आणि चाल सगळ्यात शेवटी घाला. चाल आधी आली की घाई परत येते, हे हमखास.

हरकतींचं काय? इथेच बेबीफेसने मोठं शहाणपण दाखवलं आहे. मॅडोनाच्या तोंडी चाल जवळजवळ सरळ ठेवली आहे आणि सोलचा ओलावा स्वतःच्या गळ्याकडे घेतला आहे. मागच्या आवाजात तो आहे. मुखड्याच्या शेवटी निरोपाचे शब्द येतात. ती म्हणते आणि तो मागून तेच उचलतो, थोडं वळवून, थोडं उशिरा. भजनात बुवांची ओळ संपायच्या आत टाळकरी ध्रुपद उचलतात, तसा हा व्यवहार. गॉस्पेलमधले साद आणि प्रतिसाद हेच. सुरुवातीला म्हटलेले वाढीव चार सेकंद भरले जातात ते इथे. तिची ओळ संपते, जागा रिकामी होते, आणि त्या जागेत तो येतो किंवा तंतुवाद्यं येतात. गायिकेला ती जागा स्वतः भरावी लागत नाही. एकटीने हे गाणं गाताना मागचा आवाज नसेल, तर ती जागा तानांनी भरू नका. तिथे गिटार किंवा पेटी वाजू द्या.

ध्वनिमुद्रणात अशा हळव्या आवाजाचा वैरी म्हणजे पातळीतला चढउतार. अंतरा कुजबुजता, मुखडा भरघोस. कॉम्प्रेसर, म्हणजे मोठा आवाज दाबून पातळी सारखी करणारं साधन, तीनास एक किंवा चारास एक या प्रमाणावर ठेवून चार ते सहा डेसिबल दाबलं तर पुरतं. त्याहून जास्त दाबलं की ओळींमधले श्वास वर येतात आणि गायिका धापा टाकतेय असं वाटतं. श्वास कापून टाकणं हा त्यावरचा इलाज नव्हे. श्वास तीन-चार डेसिबलने उतरवायचा आणि ठेवायचा.

याच्या नेमकं उलटं उदाहरण टेलर डेन या अमेरिकन गायिकेचं. १९८७ चं ‘टेल इट टु माय हार्ट’ हे तिचं नाचाचं गाणं अमेरिकेत सातव्या क्रमांकापर्यंत गेलं, आणि पुढच्याच वर्षी ‘आय’ल ऑलवेज लव्ह यू’ हे सोल बॅलड तिसऱ्यापर्यंत. तिचा आवाज मुळातच छातीतून येणारा, रुंद. तिला वाढीव सेकंद स्वतःच्या दमावर भरता येतात. तिची पद्धत पातळ आवाजाच्या मुलीने उचलली तर तिसऱ्या ओळीपर्यंत घसा बसतो.

‘टेक अ बाऊ’ फेब्रुवारी १९९५ मध्ये अमेरिकेच्या हॉट १०० यादीत पहिलं आलं आणि सात आठवडे तिथे राहिलं. ब्रिटनमध्ये मात्र सोळाव्यावर अडकलं. स्पेनमधल्या रोंडा गावी चित्रित केलेला, बैलांशी झुंजणाऱ्या एमिलिओ मुन्योसला घेतलेला व्हिडिओ बराच गाजला. आवाजाच्या दृष्टीने मला जास्त मोलाचं वाटतं ते हे, की ‘एव्हिटा’ चित्रपटासाठी तिने गायनशिक्षिका जोन लेडर यांच्याकडे पद्धतशीर कंठसाधना केली ती या गाण्यानंतर. म्हणजे हे गाणं तालीम घेतलेल्या गळ्याचं नाही. पट्टी, शब्दांची जागा आणि कामाची वाटणी, यावर ते पेललं आहे.

घरी ऐकताना एक करा. पहिल्यांदा फक्त तिचा आवाज धरा, दुसऱ्यांदा फक्त त्याचा. तिसऱ्यांदा शेवटचा मुखडा लावा आणि तिची प्रत्येक ओळ संपल्यावर तो येईपर्यंत किती मात्रा जातात, त्या बोटांवर मोजा.