एक चमचा, दोन मिनिटं

नमस्कार. समोर एवढ्या आया लेकरं मांडीवर घेऊन बसल्यात आणि मागं दाराशी पाच-सहा बाप उभे आहेत. त्यांना आधी विनंती करतो, पुढं या, सतरंजीवर जागा आहे, कारण आज जे बोलणार आहे ते बापांनी ऐकायची जास्त गरज आहे. आणि ज्यांना तेलुगूत ऐकायला सोपं जातं त्यांच्यासाठी आमच्या शेजारच्या काकू मध्ये मध्ये सांगतील, त्यांना मी थांबत थांबत बोलायचं कबूल केलंय.

मी डॉक्टर नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. दोन मुली आहेत, मोठी सात वर्षांची, धाकटी तीन. आज जे आकडे सांगणार आहे ते आमच्या बालरोगतज्ज्ञ मॅडमना दाखवून, तपासून आणलेत, त्यामुळं बिनधास्त लिहून घ्या. विषय दिला होता लहान मुलांचं आरोग्य, पण तो एवढा मोठा आहे की सगळ्यावर थोडं थोडं बोललं तर घरी जाईपर्यंत काहीच लक्षात राहणार नाही, म्हणून मी मुख्य एकच गोष्ट सांगणार, जुलाब आणि पाणी.

मोठी चौदा महिन्यांची होती. मे महिना, आपल्याकडचा मे म्हणजे तुम्हाला सांगायला नको, पारा 43-44, रात्री अकरा वाजता पण भिंतीला हात लावला तर गरम. दुपारी तिला पहिला जुलाब झाला, संध्याकाळपर्यंत सहा-सात झाले, दोन उलट्या. माझी आई म्हणाली, "पाणी पाजू नको रे तिला, जेवढं पाजशील तेवढं बाहेर येतंय बघ, पोटाला जरा आराम दे." आईचं प्रेम खरं होतं, तिनं आम्हा चौघा भावंडांना असंच वाढवलेलं, आणि मला पण ते पटलं, कारण डोळ्याला तसंच दिसत होतं ना, पाणी पाजलं की पाच मिनिटात लंगोट ओला. मग आम्ही पाणी कमी केलं. दूध पण कमी केलं. बायको म्हणत होती, "अहो, तिला अंगावरचं तरी पाजू द्या," मी म्हणालो थांब जरा. हे मी सगळ्यांसमोर सांगतोय कारण यातलं एकेक आज पण घराघरात चालू आहे.

रात्री नऊला मी मेडिकलमधून दोन गोष्टी आणल्या, एक संत्र्याच्या चवीचा पॅकमधला गोड ज्यूस ज्याच्यावर मोठ्या अक्षरात ओआरएस, म्हणजे जुलाबात द्यायचं मीठ-साखरेचं पाणी, असं लिहिलं होतं, आणि एक खऱ्या ओआरएसच्या पावडरचं पाकीट. ज्यूस तिनं आवडीनं प्यायला. मग जुलाब वाढले. पाकिटातली अर्धी पावडर मी एका पेल्यात टाकली, साधा पाणी प्यायचा स्टीलचा पेला, अर्धं पाकीट म्हणजे लहान मुलाला बरोबर, असा माझा हिशेब. तिनं एक घोट घेतला आणि तोंड फिरवलं.

आता हा हिशेब कुठं चुकला बघा. मोठं पाकीट असतं साधारण 21 ग्रॅमचं आणि ते अख्खं एक लिटर पाण्यासाठी असतं. अर्ध्याला अर्धा लिटर पाहिजे. माझा पेला होता 200 मिलीचा, म्हणजे मी अडीचपट कडक पाणी माझ्या मुलीला पाजत होतो. रोज लाखांचे हिशेब करणारा माणूस, पाकिटाच्या मागं स्पष्ट छापलेलं असतं, वाचलं नाही.

एवढं काय होतं त्यानं? तर आपल्या आतड्याच्या आतल्या अस्तरात असं दार असतं की साखर आणि मीठ दोघं बरोबर आले की ते उघडतं, आणि दोघांच्या मागोमाग पाणी आत ओढलं जातं. जुलाब चालू असताना सुद्धा हे दार चालू राहतं, ओआरएसची सगळी करामत तीच. पण प्रमाण मोजकं लागतं. एका लिटरला ग्लुकोज 13.5 ग्रॅम, साधं मीठ 2.6 ग्रॅम, बाकी पोटॅशियम आणि सायट्रेट. साखर फार झाली की उलटं होतं, अंगातलं पाणीच आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. त्या गोड ज्यूसनं तेच केलं. कोल्ड्रिंकनं पण तेच होतं. हैदराबादच्या एक बालरोगतज्ज्ञ आहेत, डॉ. शिवरंजनी संतोष, त्या आठ वर्षं यासाठी भांडल्या, आणि 2025 च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, आदेश काढला की असल्या गोड पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायचा नाही. तरी तुम्ही मेडिकलमध्ये मागताना डब्ल्यूएचओ, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या, फॉर्म्युल्याचं पाकीट म्हणूनच मागा आणि पाकिटावर वाचून घ्या.

रात्री साडेअकराला आम्ही तिला घेऊन दवाखान्यात गेलो. तिथं ड्युटीवर एक सिस्टर होत्या, वयानं माझ्या आईएवढ्या. त्यांनी आधी मुलीच्या पोटावरची कातडी दोन बोटांच्या चिमटीत धरली आणि सोडली. ती लगेच सपाट व्हायला पाहिजे. तिची सावकाश, घडी घातलेल्या कापडासारखी, हळूहळू खाली गेली. मी आयुष्यभर कापडाच्या घड्या बघितल्या पण ती घडी अजून डोळ्यापुढून जात नाही. डोळे खोल गेलेले, रडत होती पण गालावर पाणी नव्हतं. हे मी बघितलंच नव्हतं की ती कोरडी रडतेय.

सलाईन लावा म्हणून मी हात जोडले. डॉक्टर म्हणाले ती अजून गिळतेय, तोंडानं देऊ. वजन केलं, 9 किलो. किलोमागं 75 मिली, चार तासात, म्हणजे 675 मिली. सिस्टरांनी माझ्या हातात वाटी आणि चमचा दिला, भिंतीवरचं घड्याळ दाखवलं आणि म्हणाल्या, "दर एक-दोन मिनिटाला एक चमचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं, परत सुरू, अजून सावकाश. तुम्ही बाप ना? तुम्हीच पाजायचं." एक चमचा 5 मिली. मी हिशेब केला, 135 चमचे. एवढंसं वाटतं ना, पण चार तास घड्याळाकडं बघत एकेक चमचा लेकराच्या ओठाशी न्यायचा, ती झोपली की हलवून उठवायचं, मध्ये बायकोनं अंगावर पाजायचं, परत चमचा. साधारण सत्तर-ऐंशी चमच्यांनंतर तिनं स्वतःहून वाटीकडं हात केला. पहाटे चारच्या सुमाराला ती लघवीला झाली, माझी पँट भिजली, आणि मी सिस्टरांना पळत जाऊन सांगितलं, जणू काय मुलगी पहिली आली शाळेत.

त्या रात्रीनंतर मी याबद्दल वाचायला लागलो. 1971 साली बांगलादेशच्या लढाईच्या वेळी लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले, बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. डॉ. दिलीप महालनबीस तिथं काम करत होते आणि सलाईनच्या बाटल्या संपल्या. मग त्यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा मोजून पाकिटं केली, पाणी ड्रममध्ये कालवलं आणि नातेवाईकांच्या हातात पेले देऊन सांगितलं, पाजत राहा. छावणीत शंभर रुग्णांतले तीस मरत होते, ते चारच्या खाली आलं. 2023 साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. मला यातलं सगळ्यात मोठं वाटतं ते हे की त्यांनी औषध नातेवाईकांच्या हातात दिलं, आईच्या, भावाच्या, शिकलेल्या न शिकलेल्या माणसाच्या. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये जाऊन परक्या लोकांची सेवा करता करता गेले, त्यांचं स्मारक आपण सगळ्यांनी बघितलंय. अशा माणसांच्या गावात एखादं लेकरू पाणी न पाजल्यामुळं आजारी पडावं हे मला सहन होत नाही, खरंच होत नाही.

आता घरी काय करायचं. दोन वर्षांच्या आतलं मूल असेल तर प्रत्येक जुलाबानंतर 50 ते 100 मिली, त्यापेक्षा मोठं असेल तर 100 ते 200. केलेलं पाणी 24 तासांनी टाकून द्यायचं. आशाताईंकडं पाकीट आणि झिंकच्या गोळ्या फुकट मिळतात. झिंक 14 दिवस द्यायचं, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी 14 दिवस, सहा महिन्यांवरच्या मुलाला 20 मिलीग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला 10, कारण पुढचे दोन-तीन महिने परत जुलाब व्हायचं प्रमाण त्यानं कमी होतं. खाणं बंद करू नका, मऊ भात-वरण, दहीभात, केळ, मुगाची खिचडी चालते. अंगावरचं दूध तर अजिबात तोडू नका. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर एरवी वरचं पाणी सुद्धा लागत नाही, आपल्या उन्हाळ्यात पण नाही, फक्त आईचं दूध. आणि दात येतायत म्हणून जुलाब होतायत असं म्हणून वाट बघत बसू नका. शीमध्ये रक्त दिसलं, सहा-सात तास लघवी नाही, मूल मलूल पडलं, काहीच पोटात ठरत नाही, तर रात्र असो पाऊस असो, निघायचं.

लसीचं एका वाक्यात सांगतो, रोटाव्हायरसचे थेंब दीड, अडीच आणि साडेतीन महिन्याला सरकारी दवाखान्यात फुकट आहेत, ते जुलाबाचेच आहेत, चुकवू नका.

आता आपल्या नळाचं. उजनी धरण भरलेलं असो नसो, आपल्याकडं पाणी चार दिवसांनी, पाच दिवसांनी येतं, त्यामुळं प्रत्येक घरात बॅरल, हौद, टाकी आहेच. त्याला इलाज नाही. पण त्या बॅरलमध्ये लेकरानं हात घातला, आपण लोटा बुडवला, की ते चार दिवसांचं सगळं पाणी बिघडलं. प्यायचं पाणी वेगळं, झाकलेलं, काढायला लांब दांड्याचं ओगराळं, आणि लहान मुलासाठी खळखळ उकळी येऊ दिलेलं. ज्या आया विड्या वळतात त्यांना हात जोडून सांगतो, सुपावरून उठलात की साबणानं हात धुवून मगच लेकराला भरवा, तंबाखूची धूळ बोटात असते.

आणि डेंग्यूचा डास याच स्वच्छ पाण्यात होतो. आठ-दहा दिवसात अंड्याचा डास. तुम्ही म्हणाल पाणी तर चार दिवसात संपतं, पण अंडी बॅरलच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात, पाणी लागलं की फुटतात. म्हणून नळ यायच्या आधी तळ रिकामा असेल तेव्हा घासणीनं आतून घासा, मग भरा, वरून जुनं कापड घट्ट बांधा. कूलरची टाकी पण, ती आपण सगळेच विसरतो. ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल, तेही वजनाप्रमाणं डॉक्टरांना विचारून, दुसरी अंगदुखीची गोळी मनानं देऊ नका, डेंग्यू असेल तर रक्तस्राव होऊ शकतो.

पाकीट नसेल तर काय, हे मघाशी एका ताईंनी विचारलं. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे वरून बोट फिरवून. चव बघायची, डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर टाकून द्यायचं आणि परत करायचं.

हे इथं एक पातेलं आहे, आणि ही एक लिटरची बाटली. आता मागं उभे होते त्यातलेच एक बाप पुढं येऊन पाकीट फोडतील, मी हात लावणार नाही. अख्खं पाकीट, अख्खी बाटली. ढवळा. हां, अजून, तळाला बसलंय. आता वाट्या आणि चमचे पुढच्या रांगेपासून द्या, प्रत्येकानं चव घ्या आणि लक्षात ठेवा कशी लागते ती, घरी केलेलं तसंच लागलं पाहिजे. चमच्यानं घ्या, वाटी तोंडाला लावू नका.