ही बातमी कोणाची?

मंडळी, कॅन्सरच्या बातम्या वाचू नका असं सांगायला मी आलेले नाही. ज्याच्या घरात हा आजार आहे तो वाचणारच, आणि त्याने वाचलंच पाहिजे. पण बातमी हाती आली की आपण लगेच विचारतो, 'हे खरं आहे का?' त्याआधी एक प्रश्न विचारायचा राहून जातो: ही बातमी कोणाबद्दल आहे? आज मला मुख्यतः याच प्रश्नाबद्दल बोलायचं आहे.

जून 2022 मध्ये 'कॅन्सर पहिल्यांदाच शंभर टक्के बरा' अशा अर्थाच्या मथळ्यांचा पाऊस पडला होता. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयातली ती चाचणी. डोस्टारलिमॅब नावाचं औषध दर तीन आठवड्यांनी, सहा महिने दिलं, आणि ते पूर्ण घेतलेल्या बाराच्या बारा रुग्णांची गाठ दिसेनाशी झाली. ऑपरेशन लागलं नाही, रेडिएशन लागलं नाही. त्या बातमीतले आकडे खरे होते. वाचताना मलाही गहिवरून आलं.

त्याच सुमारास ओपीडीत तोंडाच्या कॅन्सरचे एक रुग्ण आले. जबड्याच्या ऑपरेशनची तारीख ठरलेली. मुलाने फोन पुढे केला. म्हणाला, 'मॅडम, ऑपरेशन थांबवा, हे औषध मागवू. जमीन आहे, विकतो.' वडील गळ्यातला टॉवेल तोंडावर धरून नुसते त्याच्याकडे बघत होते. मी मुलाला म्हटलं, ही बातमी मला मोठ्याने वाचून दाखव. मथळ्यात 'कॅन्सर' एवढंच होतं. बरंच खाली गेल्यावर 'रेक्टल' आलं, म्हणजे गुदाशयाचा कॅन्सर. तो तिथे थांबला आणि वडिलांकडे बघायला लागला.

त्यातही गुदाशयाचा प्रत्येक कॅन्सर त्या चाचणीत नव्हता. पेशीचे दोन भाग होताना डीएनएची नक्कल होते, नकलेत चुका होतात, आणि त्या दुरुस्त करणारी यंत्रणा पेशीतच असते. ज्यांच्या गाठीत ही यंत्रणा बंद पडलेली होती, अशांनाच त्या चाचणीत घेतलं होतं. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये असे रुग्ण शंभरात पाच ते दहा. चुका साचत गेल्याने अशी गाठ आपल्या प्रतिकारशक्तीला परकी दिसू लागते, आणि हे औषध त्या प्रतिकारशक्तीवरचा लगाम सोडतं. ज्या गाठीत मुळात या चुका साचलेल्या नाहीत, तिच्यावर तोच परिणाम होईल असं धरून चालता येत नाही. हे सगळं मी त्या मुलाला कागदावर काढून दाखवलं. ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं.

आता याच बातमीचं दुसरं अंग. ज्यांना गुदाशयाचा कॅन्सर आहे, त्यांच्यासाठी ती फार मोलाची होती. ही दुरुस्तीची यंत्रणा चालू आहे की बंद, हे सांगणारी 'एमएमआर' नावाची तपासणी बायोप्सीच्या ब्लॉकवर, म्हणजे जपून ठेवलेल्या तुकड्यावर होते, ती आपली झाली आहे का, हे त्यांनी विचारायलाच हवं. 2025 मध्ये त्याच गटाने पुढचे निकाल दिले: असे 49 रुग्ण, आणि 49 जणांची गाठ गेलेली. म्हणजे सगळ्याच बातम्या थापा म्हणून झटकून टाकणाराही स्वतःचं नुकसान करून घेतो.

कधी कधी बातमीतला रुग्ण माणूसच नसतो. 3 मे 1998 ला न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर ज्यूडा फोकमन या अमेरिकन संशोधकाच्या संशोधनाची बातमी आली. गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या रक्तवाहिन्या रोखल्या की गाठ आटते, हे त्यांनी दाखवलं होतं, पण उंदरांमध्ये. औषध बनवणाऱ्या कंपनीचा शेअर एका दिवसात कितीतरी पटींनी चढला, रुग्णांची रीघ लागली. फोकमन स्वतः प्रामाणिक माणूस. ते म्हणत, तुम्हाला कॅन्सर असेल आणि तुम्ही उंदीर असाल, तर आम्ही तुमची चांगली काळजी घेऊ शकतो. त्याच विचाराच्या वाटेवरचं बेव्हासिझुमॅब 2004 मध्ये मंजूर झालं. पसरलेल्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये केमोबरोबर दिल्यावर त्याने आयुष्य साधारण पावणेपाच महिन्यांनी वाढवलं. हे थोडं नाही, आम्ही ते आजही वापरतो. पण 1998 चा मथळा वाचून ज्याने केमो सोडली असेल, त्याच्या हाती काय लागलं असेल?

आपल्या देशातलं उदाहरण घ्या. नोव्हेंबर 2024 मध्ये नवज्योतसिंग सिद्धू यांनी सांगितलं, की हळद, कडुनिंब, लिंबूपाणी अशा आहाराने पत्नीचा चौथ्या स्टेजचा कॅन्सर हरला. दोनच दिवसांत टाटा मेमोरियलच्या आजी-माजी 262 कॅन्सरतज्ज्ञांनी पत्रक काढलं, की याला पुरावा नाही, उपचार थांबवू नका. त्या ताईंचं ऑपरेशन झालं होतं, केमो झाली होती. त्या बऱ्या झाल्या याचा आनंदच आहे. पण एका माणसाच्या गोष्टीत त्याने आणखी कोणते उपचार घेतले, हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टक्क्यांबद्दल थोडंसं. ऑक्टोबर 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सांगितलं, की सॉसेज-बेकनसारखं मांस रोज 50 ग्रॅम खाल्लं तर आतड्याच्या कॅन्सरचा धोका 18 टक्क्यांनी वाढतो. समजा शंभरात पाच जणांना तो होणार असेल, तर आता साधारण सहा जणांना. 'यामुळे माणसाला कॅन्सर होतो' असा पक्का पुरावा असलेल्या गोष्टींचा या संस्थेचा पहिला गट आहे, त्यात हे मांस गेलं; तंबाखूही त्याच गटात, म्हणून 'तंबाखूइतकंच घातक' असंही छापून आलं. तो गट फक्त पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा हे नाही. आणि त्याच गटात सुपारीही आहे, तंबाखूशिवायची, नुसती सुपारी. ही बातमी घराघरांत पोचायला हवी होती. सुपारी चघळून जबडा उघडत नाही म्हणून येणारी विशी-पंचविशीतली मुलं मी बघते, तेव्हा फार जीव तुटतो.

बातमी दाखवायला संकोच करू नका. फाइलीत बायोप्सीचा रिपोर्ट वर ठेवा, बातमी त्याच्या शेजारी, आणि डॉक्टरांना विचारा की यातले रुग्ण माझ्यासारखे आहेत का. डॉक्टर घाईत असतील तर पुढच्या भेटीत विचारा, पण चालू उपचार बातमीवरून थांबवू नका.

नव्या औषधाची चाचणी भारतात चालू आहे असं कळलं, तर तिची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असायलाच हवी, 2009 पासून ते बंधनकारक आहे. कोणत्या कॅन्सरचे, कोणत्या स्टेजचे रुग्ण घेणार, कोणत्या रुग्णालयात, हे सगळं तिथे कोणालाही बघता येतं. 'ट्रायलमध्ये बसवतो, आधी एवढे पैसे भरा' असं कोणी म्हणालं, तर एक रुपयाही देण्याआधी त्याच्याकडे नोंदणी क्रमांक मागा आणि तो घेऊन आमच्याकडे या.