गप्पीचा खुराक

(दृश्य: काचेला टेकलेलं गप्पीचं तोंड, अगदी जवळून)

आधी हे तोंड बघा. वरच्या अंगाला वळलेलं, खालचा जबडा जरा पुढं. पाण्याच्या वरच्या थरावर जे तरंगतंय ते टिपण्यासाठीच घडलेलं तोंड. मोहरीचा दाणासुद्धा आत जाताना अडेल, एवढंसं.

आता डब्यातला हा दाणा. लाल, गोल, साबुदाण्याएवढा. मासा धावत येतो, धरतो, थुंकतो. परत धरतो, परत थुंकतो. तिसऱ्यांदा ढुंकूनही बघत नाही. दाणा खाली जाऊन वाळूत बसतो. डब्यावर चित्र मात्र गप्पीचंच आहे.

(दृश्य: शिवाजी पेठ, सकाळची गच्ची)

कोल्हापूर, शिवाजी पेठ. सकाळचे साडेसात. शेजारच्या तालमीत जोर-बैठका उरकल्यात, थंडाई घोटून तयार आहे. खुराक म्हणजे काय हे या गावाला शिकवायला नको. पोराला बदाम किती, दूध कधी, हे इथं पानपट्टीवर उभा असलेला माणूसही सांगेल. या गच्चीवर आबा तेच गणित मांडून बसलेत. त्यांचे पैलवान फक्त दीड इंचाचे आहेत.

वर सिमेंटच्या दोन टाक्या, खाली सोप्यात तीन फुटी काचेची टाकी. आबा निवृत्त झाले तेव्हा कुणीतरी पिशवीतून सहा गप्पी आणून दिले होते. आता मोजत नाहीत. गप्पी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते, आणि साधारण महिन्याला एकदा देते. त्यामुळं मोजणं कुणीच फार दिवस करत नाही.

(दृश्य: नराची शेपटी, उन्हात, सावकाश)

नावाचा गप्पांशी काही संबंध नाही. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य टोकाचा आणि त्याला लागून असलेल्या त्रिनिदाद बेटाचा. त्रिनिदादमध्ये राहणाऱ्या रॉबर्ट जॉन लेचमिअर गप्पी या गृहस्थांनी काही मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले आणि 1866 मध्ये तिथल्या शास्त्रज्ञानं त्यांचं नाव माशाला देऊन टाकलं. पुढं कळलं की सात वर्षं आधीच, 1859 मध्ये, पीटर्स या जर्मन शास्त्रज्ञानं व्हेनेझुएलातल्या माशांवरून याचं बारसं करून ठेवलंय. शास्त्राच्या वहीत पीटर्सचं नाव राहिलं, लोकांच्या तोंडी गप्पींचं. आपल्याकडं तो ओळखीचा झाला तो आरोग्य खात्यामुळं. डबक्यात, विहिरीत, हौदात डासांच्या अळ्या खायला सोडायचा मासा. पावसाळ्याच्या तोंडावर ‘गप्पी मासे सोडा’ हे वाक्य आपण सगळ्यांनी कुठंतरी भिंतीवर वाचलंय.

खाण्याचं मर्म तिथंच सापडतं. हा मासा ओढ्यात दिवसभर काही ना काही टिपत असतो. दगडावरचं शेवाळ, अळ्या, पाण्यात पडलेले किडे. त्याला वेगळं असं जठरच नसतं. गिळलेलं थेट आतड्यात. एकदा पोटभर जेवून साठवायची सोयच देवानं दिलेली नाही. म्हणून थोडं द्यायचं, बारीक द्यायचं, दिवसातून दोनदा. आणि या शेपटीवरचा नारंगी? त्यातला एक रंग मासा अंगातच तयार करतो. दुसरा, कॅरोटिनॉइड, खाण्यातूनच मिळवावा लागतो. त्रिनिदादच्या ओढ्यांत तो शेवाळातून मिळतो, आणि काठच्या झाडांची नारंगी फळं पाण्यात पडली की गप्पींची त्यावर झुंबड उडते. आपल्या टाकीत ना शेवाळ ना फळं. स्पिरुलिना, म्हणजे एक प्रकारचं बारीक शेवाळ, असलेला खाऊ द्यायचा तो एवढ्यासाठी.

(दृश्य: आबांचा हात, डबी, चष्मा कपाळावर)

आबा डबी उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचतात. घटकांच्या यादीत पहिलं नाव माशाच्या भुकटीचं असेल तर घ्यायची. गव्हाचं पीठ पहिलं असेल तर, आबांच्या भाषेत, “ते पीठ आहे लका, त्याच्या चपात्या लाट.” डबी लहानच घ्यायची. उघडल्यावर खाऊतली जीवनसत्त्वं उडत जातात. किलोची पिशवी स्वस्त पडते, पण दहा गप्पींना ती संपवायला वर्षं लागतील. पापडीसारखे पातळ फ्लेक्स असले तर बोटांत चुरायचे. एवढे बारीक.

(दृश्य: चिमूट, दोन बोटं, कणसर भुकटी पाण्यावर पसरते)

सगळं दोन मिनिटांत संपलं पाहिजे. न संपलं तर चिमूट मोठी झाली.

(दृश्य: उलटी टांगलेली बाटली, आत नारंगी ढग)

आणि आता ज्यासाठी आम्ही या गच्चीवर दोन दिवस मुक्काम ठोकला ते.

ही कोल्ड्रिंकची रिकामी बाटली. बूड कापलंय, बाटली उलटी करून खुंटीला टांगलीय. आत एक लिटर पाणी आणि पंचवीस-तीस ग्रॅम खडेमीठ. टाकीच्या पंपाची नळी थेट तळाला, म्हणजे बुडबुडे खालून वर येतात आणि काहीच खाली बसत नाही. आता या पुडीतली तपकिरी पूड. नाचणीच्या पिठासारखी दिसते. ही अंडी आहेत, आर्टेमियाची. खाऱ्या पाण्यातला, झिंग्याच्या लांबच्या नात्यातला अगदी बारका जीव. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या ग्रेट सॉल्ट लेकमधून अशी अंडी जगभर जातात. कोरडी ठेवली तर वर्षानुवर्षं झोपून राहतात. मीठपाणी, उजेड आणि ऊब मिळाली की उठतात.

अर्धा चमचा. बास. नात, सातवीतली, टाकायला पुढं होते. “मी टाकतो की आबा!” कोल्हापुरात पोरीही टाकतो, जातो, येतोच म्हणतात.

रात्री आठला पूड पडली. शेजारी बल्ब लावून ठेवलाय, कारण सव्वीस-अठ्ठावीस अंश तापमान लागतं आणि पेठेत पहाटे चांगलाच गारवा असतो. सकाळी पाणी तसंच तपकिरी. दुपारीही तसंच. नात शाळेतून आल्या आल्या वर पळाली, नाक मुरडून खाली गेली. संध्याकाळी सहाला पाणी नारंगी दिसायला लागलं.

(दृश्य: पंप बंद होतो, बाटली शांत होते)

आबा पंप बंद करतात. दहा मिनिटं बाटलीला हात लावायचा नाही. रिकामी टरफलं वर येऊन तरंगतात, न उबलेली अंडी तळाशी बसतात, आणि जिवंत पिल्लं मधे राहतात. ती उजेडाकडं जातात. म्हणून बाटलीच्या एका अंगाला टॉर्च धरायचा.

(दृश्य: टॉर्चच्या झोतात नारंगी ठिपके गोळा होतात. इथं निवेदन थांबवावं.)

अर्धा मिलिमीटरचा एकेक जीव. आबा नळीनं ते तेवढंच ओढून घेतात, मलमलच्या फडक्यातून गाळतात आणि साध्या पाण्यात खळबळून घेतात, म्हणजे मीठ टाकीत जात नाही. टरफलं मात्र येऊ द्यायची नाहीत, गप्पीच्या बारक्या पिल्लांच्या आतड्यात अडकतात. आणि लगेच द्यायचं. नुकत्या निघालेल्या आर्टेमियाच्या पोटात त्याची स्वतःची शिदोरी असते, तीच खरी ताकद. बारा तास ठेवलंत तर ती त्यानंच खाऊन टाकलेली असते.

(दृश्य: गप्पीची पिल्लं, पोटं नारंगी)

चार दिवसांची गप्पीची पिल्लं. शरीर काचेसारखं, त्यामुळं काय खाल्लं ते बाहेरून दिसतं. यांना मात्र दिवसातून चार-पाच वेळा. आर्टेमिया नसेल तर उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक, फडक्यातून पिळून, सुईच्या टोकावर मावेल एवढाच.

(दृश्य: हिरव्या पाण्याचा टब)

गच्चीवरच्या या टबात मोयना आहेत, म्हणजे गोड्या पाण्यातले टिपक्याएवढे जीव. टाकीचं बदललेलं पाणी उन्हात ठेवलं की हिरवं होतं, मोयना ते हिरवं खातात. पाणी नितळ झालं की यांची उपासमार सुरू, मग चिमूटभर यीस्ट कोमट पाण्यात कालवून. जाळीनं काढायचं, टाकीत सोडायचं, आणि गप्पींची शिकार बघत बसायचं. आमचा कॅमेरामन बसला. डासाच्या अळ्याही उत्तम खाऊ, पण त्यासाठी बादली भरून ठेवायची आणि आठवडाभर विसरायची, म्हणजे मग डास तुमचे, डेंगू गल्लीचा.

चुरमुरे, पाव, बिस्कीट, शेवेचा चुरा: नको. उरलेलं कुजतं, अमोनिया वाढतो, सकाळी मासे आडवे. आणि जास्त झालेले गप्पी रंकाळ्यात नेऊन सोडू नका.

(दृश्य: शनिवार, टाकीसमोर नात)

शनिवारी मोठ्या माशांना उपवास. आपला साबुदाण्याचा नव्हे. खराखुरा, काहीच न देण्याचा. मासे काचेपाशी गोळा होतात, नात डबीकडं बघते, आबांकडं बघते.

“आबा, एकच चिमूट?”

“शनिवार हाय.”

(दृश्य: गच्ची, संध्याकाळ. आबा बाटली धुतायत.)

पिल्लांना उपवास नाही. पाणी, मीठ, नळी तळापर्यंत. पुडी आता नातीच्या हातात आहे. अर्धा चमचा मोजून झाल्यावर ती चमच्यावरचा डोंगर बोटानं सपाट करते आणि उरलेली पूड परत पुडीत टाकते.