पाव रुपयाचं तिकीट

श्रोतेहो, नमस्कार. आज 6 जानेवारी, पत्रकार दिन. आपल्या देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी 1832 साली याच तारखेला मुंबईत ‘दर्पण’ सुरू केलं. आज गावोगावी त्यांच्या तसबिरीला हार पडेल, भाषणं होतील, आणि नंतर चहा घेताना छोट्या पत्रांचे संपादक एकमेकांना हळूच विचारतील, ‘तुमचं जाहिरातीचं बिल निघालं का हो?’

मीही बरीच वर्षं त्या चहाला असायचो. राजापूर तालुक्यात आमचं साप्ताहिक होतं. चार पानं, 1200 प्रती. त्यातल्या तीनेकशे मुंबईला जायच्या, लालबाग-परळच्या चाकरमान्यांना. गुरुवारी रात्री पडवीत बसून आम्ही अंकाला कागदी पट्टी गुंडाळायचो, खळ लावायचो, वर पत्ता आणि 25 पैशांचं तिकीट. लिफाफ्याला पाच रुपये पडायचे तेव्हा 50 ग्रॅमपर्यंतचा नोंदणीकृत अंक पोस्ट पाव रुपयात पोचवायचं. अट एवढीच, की नोंदणीचा क्रमांक छापायचा आणि ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या पोस्टात गठ्ठा द्यायचा. आत काय छापलंय, हे पोस्टमास्तरांनी कधी विचारलं नाही. अमेरिकेनं 1792 च्या टपाल कायद्यात हेच केलं होतं. लांबच्या पत्राला 25 सेंट, वर्तमानपत्राला जास्तीत जास्त दीड.

याला कोणी अनुदान म्हणत नाही, पण आहे ते अनुदानच.

दुसरी मदत जाहिरातींची. निविदा, जाहीर नोटिसा, 26 जानेवारी नि 15 ऑगस्टच्या शुभेच्छा. त्यासाठी पत्र शासनाच्या यादीवर लागतं, आणि दर खपावर ठरतो. मग खप वाढतो. छापखान्यात नव्हे, दाखल्यावर. आम्हीही वाढवला होता. आज माईकसमोर कबूल करायला हरकत नाही. बिल तीन प्रतींत, सोबत कात्रण चिकटवलेला कागद, आणि मग वाट बघणं. मिरगात दिलेलं बिल शिमग्याला निघालं तर आम्ही देव पावला म्हणायचो.

एकदा एका साकवाची निविदा आमच्याच अंकात आली. दोनेक वर्षांनी साकव झाला, पण कठड्याविना. पावसात पोरं एकमेकांचे हात धरून शाळेत जायची. आम्ही फोटोसकट बातमी छापली. कुणाचा फोन आला नाही, कुणी दमही दिला नाही. फक्त त्या कार्यालयाचा जाहिरातींचा लिफाफा यायचा बंद झाला. एक महिना, दोन महिने. छापखान्याची उधारी वाढत चालली. ठेकेदाराचं पूर्ण बिल अदा झाल्याचे कागद मग हाती लागले, तेव्हा ती दुसरी बातमी मी लिहिली आणि टेबलाच्या खणात ठेवून दिली. तिसऱ्या महिन्यात लिफाफा आला.

लहान पत्रांना वाचवायचं म्हणून पूर्वी वेगळेही उपाय झाले. किती पानांना किती किंमत, हे सरकारनं ठरवायचं असा 1956 चा कायदा होता. त्याविरुद्ध पुण्याचा ‘सकाळ’ सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1961 मध्ये जिंकला. हेतू लहानांच्या संरक्षणाचा सांगितला, तरी खपावर आणि पानांवर हात टाकणं म्हणजे अभिव्यक्तीवरच हात टाकणं, असं न्यायालयानं मानलं. कागदाचं तर विचारूच नका. 2019 च्या अर्थसंकल्पात वर्तमानपत्राच्या आयात कागदावर 10 टक्के शुल्क बसलं, पुढच्या वर्षी ते 5 वर आलं. नॉर्वेत 1969 पासून पत्रांना थेट पैसे मिळतात, तेही मुख्यतः लहान आणि आपल्या गावात खपात दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या पत्रांना, खपाच्या नियमानं. तिथले सगळे संपादक धुतल्या तांदळासारखे असतील असं मला वाटत नाही. पण बातमी छापली म्हणून लिफाफा थांबवायला तिथे लिफाफाच नसतो. मदत नियमानं येते, कुणाच्या मर्जीनं नाही.

तुम्ही म्हणाल, आकाशवाणीवरून हे कोण बोलतंय? आकाशवाणीही लोकांच्याच पैशावर चालते. खरंय. आमच्या लहानपणी तर रेडिओचं लायसन्स असायचं. वर्षाला पोस्टात जाऊन फी भरायची, पुस्तिकेवर शिक्का मारून घ्यायचा. वडील ती पुस्तिका रेशनकार्डासोबत ट्रंकेत ठेवायचे. आपण पैसे भरतो, म्हणून बातम्या चुकल्या तर ते रेडिओवर हक्कानं ओरडायचे.

आमच्या वर्गणीदारांचाही तसाच हक्क होता. साकवाची बातमी आल्यावर लालबागहून एक कार्ड आलं. मूळ त्याच वाडीतले गृहस्थ, गिरणीतून निवृत्त झालेले. दोनच ओळी होत्या : ‘अंक मिळाला. कठड्याचं पुढे काय झालं ते छापा, नातू गणपतीत गावी यायचाय.’ ते कार्ड मी खणातल्या त्या बातमीवरच ठेवलं. उत्तर लिहिलं नाही. त्यांचा अंक मात्र दर आठवड्याला जात राहिला, पाव रुपयात.