घशाशी येणारं आंबट आणि झिजणारे दात

नमस्कार, श्रोतेहो.

रात्री उशिरा जेवून आडवं पडलं की घशाशी आंबट येतं, हे पुष्कळांना ठाऊक आहे. छातीतली जळजळ कळते, गोळी घेतली जाते. दातांची झीज मात्र वर्षानुवर्षं कळत नाही, कारण ती सुरू होते वरच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला, जिथे आरशात सहसा नजर जात नाही. दाताचं कवच, म्हणजे एनॅमल, तोंडातला सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की विरघळू लागतं. सामू म्हणजे आम्लता मोजण्याचं माप, pH; आकडा जितका कमी, तितकं आम्ल तीव्र. जठरातल्या आम्लाचा सामू असतो एक ते दोन. त्यात झोपेत लाळही कमी सुटते. मग दात पिवळट, पातळ होतात, गार पाण्याने कळ जाते. गेलेलं एनॅमल पुन्हा येत नाही.

अशा वेळी सगळ्या दातांना कॅप बसवून घ्यावी, असं अनेकांना वाटतं. मला हे मनापासून पटत नाही. कॅपसाठी दात चहूबाजूंनी घासावा लागतो, आणि इथे तर तो आधीच झिजलेला!

१९५५ साली मायकेल ब्युनोकोर या दंतसंशोधकांनी दाखवलं, की एनॅमलवर फॉस्फोरिक आम्ल थोडा वेळ लावून धुतलं की त्यावर रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखा पदार्थ, घट्ट धरतं. दात भरायला वापरतात ते आजचं दाताच्या रंगाचं मिश्रण, म्हणजे कॉम्पोझिट, त्याच पायावर उभं आहे. दात जवळजवळ न घासता, जेवढा गेला तेवढाच भाग थर देऊन भरता येतो. पुढच्या दातांची उंची अशी वाढवली की मागचे दात काही काळ एकमेकांना टेकत नाहीत. पेशंट घाबरतात, घास नीट चावला जात नाही म्हणतात. पण बहुतेकांच्या बाबतीत काही महिन्यांत मागचे दात सरकून पुन्हा जुळतात. कॉम्पोझिटचा टवका उडतो कधी, पण तेवढीच जागा दुरुस्त होते.

आम्लपित्तावर इलाज नसेल, तर भरलेल्या जागेच्या कडेचा दात झिजतच राहतो. म्हणून पोटाच्या डॉक्टरांना आधी दाखवा.

आंबट पाणी तोंडात आल्यावर लगेच ब्रश करू नका, मऊ पडलेला थर खरवडला जातो. पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरा, ब्रश तासाभराने करा. मिशरी आणि खरखरीत दंतमंजन तर नकोच.

आणि दातांच्या दवाखान्यात गेलात, की ॲसिडिटीची गोळी किती वर्षं चालू आहे ते आपणहून सांगा. दात दुखतो म्हणून आलेला माणूस पोटाबद्दल सहसा बोलत नाही.