गवळ्यांचा डोंगर

[घाटरस्ता, गाडीच्या काचेतून. वायपरचा आवाज.]

परतवाडा मागे पडलं, धामणगाव गढी ओलांडली, की रस्ता वळणं घ्यायला लागतो आणि वऱ्हाडातला उकाडा खालीच राहतो. गाडीच्या काचा आतून धुरकटतात. सुमारे अकराशे मीटरवर, सातपुड्याच्या कुशीत, चिखलदरा.

[भीमकुंड. वरून कोसळणारं पाणी.]

भीमाने कीचकाला मारून या दरीत फेकलं आणि या कुंडात हात धुतले, असं इथले लोक सांगतात. कीचकदराचं पुढे चिखलदरा झालं. गोऱ्यांच्या कागदांत हे ठिकाण १८२३ साली कॅप्टन रॉबिन्सनला 'सापडलं'. म्हशी त्याच्या कितीतरी आधीपासून इथे चरत होत्या.

[कॉफीची झाडं, पानांवरून ओघळणारं पाणी.]

ही कॉफी. महाराष्ट्रात कॉफीचं झाड बघायचं तर इथे यावं लागतं. पंचबोल पॉइंटला एका हाकेला पाच हाका परत येतात म्हणे. आम्ही गेलो तेव्हा धुक्यात दरीच दिसत नव्हती. देवी पॉइंटलाही तेच. स्कायवॉकच्या, म्हणजे दरीवरच्या पुलाच्या, बातम्या तुम्ही वाचल्याच असतील. आपण त्या रस्त्याला वळत नाही.

[गाविलगड. शार्दूल दरवाजा, कोरीव काम जवळून.]

आपण इकडे वळू. गाविलगड. नावातच गवळी आहेत. आधी त्यांची मातीची गढी होती, तिच्यावर पुढे सुलतानांनी दगड चढवला, असं मानतात. दरवाजावरचा हा दोन तोंडांचा पक्षी बघा, गंडभेरुंड. शेवाळ चढलंय, तरी चोच अजून धारदार.

[तटावरून उत्तरेकडची रानं.]

१८०३ चा डिसेंबर. किल्ला नागपूरकर भोसल्यांचा, वेढा इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीचा. दक्षिणेकडून चढाई अशक्य, म्हणून त्याचा जोडीदार कर्नल स्टीव्हन्सनची फौज डोंगरातून वळसा घालून या अंगाला आली. वाट नव्हतीच. शिपायांनी रान तोडून ती केली आणि अवजड तोफा हातांनी ओढत आणल्या. कॅमेरा घेऊन चढताना आमची दमछाक झाली, त्यावरून अंदाज करा. १५ डिसेंबरला बाहेरचा तट फुटला. आतल्या तटाला शिड्या लावून कॅप्टन कॅम्पबेलची तुकडी आत उतरली आणि तिने दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला. कटक इंग्रजांकडे, वर्धा नदीपलीकडचा वऱ्हाड निजामाकडे.

[धूर. लोखंडी कढई.]

आणि ज्यांचं नाव गडाला, ते गवळी हे इथे, खव्याच्या भट्टीशी.

सकाळचं म्हशीचं दूध. कढई रुंद, बुडाला काळीकुट्ट. खाली लाकडाची मोठी आच. दूध चढायला लागलं, की खुरपं हातात येतं आणि मग हात थांबत नाही. बुडातून एक फेरा, कडेने एक फेरा, कडेला चिकटलेली साय खरवडून परत मधे. अर्ध्या तासाने दुधाची रबडी होते. ज्यांना रबडी हवी त्यांची वाटी इथेच भरते. बाकीचं आटत राहतं. आता आच ओढून कमी करायची, कारण इथेच घात होतो. "हात थांबला की खवा लागला," एवढंच भट्टीवाले काका बोलले, तेही कढईवरची नजर न काढता. बुडबुडे जड होतात, फुटताना फटफट आवाज करतात. मग गोळा कडा सोडतो, तुपाची चमक धरतो. दूध चांगलं असेल तर पाच लिटरांचा जेमतेम किलोभर खवा.

[मेळघाटच्या जंगलाचा फलक, वरून पाऊस.]

व्याघ्र प्रकल्प आला तो १९७३-७४ मध्ये. पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाट होतं. चराईवर बंधनं आली, आतली काही गावं बाहेर हलली.

[पुन्हा भट्टी. खव्याचा गोळा, वाफ.]

गरम खवा साखरेशिवाय खा. धुराचा किंचित वास लागलेला असतो, तोच हवा. दुकानातल्या पांढऱ्या खव्याला तो नसतो.

[रिकामी कढई. चिमूटभर राख, ओला काथ्या.]

संध्याकाळचं दूध यायला अजून तीन तास आहेत. तोवर कढई घासून ठेवायची.